पगारपत्रकातील स्त्री-पुरुष तफावत कशी मोजावी आणि तिचे कारण कसे शोधावे

"आमच्याकडे बाई-पुरुष असा भेद नाही, पदाप्रमाणे पगार दिला जातो," असे बहुतेक संस्थाचालक मनापासून सांगतात, आणि पुष्कळदा ते अर्धे खरे असते. पद एकच असेल तर पगारही जवळपास सारखा निघतो. परंतु संस्थेतील सगळ्या स्त्रियांच्या हातात आलेली रक्कम आणि सगळ्या पुरुषांच्या हातात आलेली रक्कम समोरासमोर मांडली की मोठी दरी दिसते. ही दरी कोणत्या दारातून आत आली हे शोधण्याची रीत पुढे दिली आहे. लहान कारखाना, पतसंस्था, शाळा, रुग्णालय, दुकानांची साखळी, अशा ज्या ठिकाणी पंधरा-वीस माणसांपेक्षा अधिक जण काम करतात आणि पगारपत्रक नीट ठेवलेले असते, तेथे एक्सेलच्या साध्या तक्त्यात ही तपासणी करता येते. ती मालकाने करावी, लेखापालाने करावी किंवा कामगार संघटनेने करावी. आकडे तेच राहतात.

कायदा काय मोजायला सांगतो

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद 39 मधील खंड (घ) स्त्री आणि पुरुष दोघांनाही समान कामासाठी समान वेतन मिळावे असे राज्याच्या धोरणाचे तत्त्व सांगतो. त्यानंतर 1976 साली समान वेतन कायदा आला, आणि आता तो 2019 च्या वेतन संहितेत सामावला गेला आहे. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तपासणी करणाऱ्याने तिच्यातील दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की "समान किंवा समान स्वरूपाचे काम" ठरवताना पदाचे नाव पाहायचे नसते. लागणारे कौशल्य, श्रम, अनुभव, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती पाहायची असते. दुसरी अशी की समान वेतनाचा प्रश्न येतो तेव्हा घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता आणि ओव्हरटाइमची रक्कमही वेतनात धरावी लागते. म्हणजे मूळ वेतन सारखे ठेवून भत्त्यांत फरक करण्याची वाट कायद्याने बंद केलेली आहे, आणि तपासणीतही ती बंदच ठेवली पाहिजे.

पदाच्या नावामागे लपता येत नाही हे मुंबईतल्याच एका खटल्यात स्पष्ट झाले होते. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत स्त्री लघुलेखिकांना "कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर" असे वेगळे नाव आणि पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन होते. ऑड्री डिकॉस्टा यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. समान वेतन देणे आर्थिकदृष्ट्या परवडत नाही ही सबब कायद्यापुढे चालत नाही, हेही त्याच निकालात सांगितले गेले. माझ्या मते मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल एकदा मुळातून वाचावा, कारण वेगळे नाव देऊन कमी पगार देण्याची ती युक्ती आजही "असिस्टंट", "ट्रेनी", "समन्वयक" अशा शब्दांत जिवंत आहे.

तक्ता तयार करणे

एका आर्थिक वर्षाचे पगारपत्रक घ्या आणि प्रत्येक व्यक्तीसाठी एक ओळ करा. नावाऐवजी क्रमांक लिहा. कोणाचा पगार किती हे कार्यालयभर होण्याचे कारण नाही. रकाने असे असावेत: स्त्री किंवा पुरुष, पद, विभाग, रुजू झाल्याची तारीख, रुजू होतानाचा पगार, शेवटची बढती कधी मिळाली, शिक्षण, मूळ वेतन, प्रत्येक भत्ता वेगळा, ओव्हरटाइम, बोनस किंवा इन्सेंटिव्ह, आणि वर्षभरात प्रत्यक्ष भरलेले तास. कंत्राटदारामार्फत आलेली माणसे सोडून देऊ नका. पुष्कळ ठिकाणी साफसफाई, पॅकिंग आणि स्वयंपाक ही स्त्रियांची कामे कंत्राटावर दिलेली असतात, आणि ती माणसे तक्त्यातून गळली की तफावत निम्म्याने कमी दिसू शकते. त्यांच्यासाठी वेगळी खूण करा, पण त्यांना तक्त्यात ठेवा.

महिन्याच्या पगारासोबत ताशी पगारही काढा. अर्धवेळ काम करणारी शिक्षिका आणि पूर्णवेळ काम करणारा शिक्षक यांची तुलना महिन्याच्या आकड्यावर केली तर ती दोघांवरही अन्याय करणारी ठरते. मात्र केवळ ताशी दरावर थांबू नका, कारण दर सारखा असूनही वर्षाची कमाई फार वेगळी असू शकते. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने ऑक्टोबर 2022 मध्ये स्त्री आणि पुरुष खेळाडूंसाठी सामन्याचे मानधन सारखे केले: कसोटीला 15 लाख रुपये, एकदिवसीय सामन्याला 6 लाख आणि टी-ट्वेंटीला 3 लाख. तो निर्णय योग्यच होता. परंतु स्त्रियांच्या वाट्याला कसोटी सामने मोजकेच येत होते, आणि त्यावेळी वार्षिक करारातील सर्वांत वरची श्रेणी पुरुषांसाठी 7 कोटींची, तर स्त्रियांसाठी 50 लाखांची होती. दर, कामाची संधी आणि ठरलेली वार्षिक रक्कम हे तीन वेगळे रकाने का हवेत, ते यावरून कळते.

पहिले तीन आकडे

समजा, एका कारखान्यात 40 माणसे आहेत, 24 पुरुष आणि 16 स्त्रिया. पुरुषांपैकी 6 मदतनीस दरमहा 16,000 रुपयांवर, 12 ऑपरेटर 26,000 रुपयांवर आणि 6 पर्यवेक्षक 42,000 रुपयांवर आहेत. स्त्रियांपैकी 10 मदतनीस 15,500 रुपयांवर, 5 ऑपरेटर 25,000 रुपयांवर आणि 1 पर्यवेक्षक 40,000 रुपयांवर आहे. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत.

पुरुषांची सरासरी 27,500 रुपये येते आणि स्त्रियांची 20,000. फरक 7,500 रुपयांचा आहे. त्याला पुरुषांच्या सरासरीने भागले की तफावत 27.3 टक्के निघते. भागताना पुरुषांचा आकडा खाली घेण्याचा प्रघात जगभर आहे, म्हणून तोच पाळावा. नाही तर इतर संस्थांशी तुलना करता येत नाही.

दुसरा आकडा मध्यकाचा. सगळ्या पुरुषांना पगाराच्या क्रमाने उभे केले तर मधल्या माणसाचा पगार 26,000 येतो, आणि स्त्रियांमध्ये मधल्या बाईचा 15,500. मध्यकाची तफावत 40.4 टक्के झाली. एकाच पगारपत्रकातून 27 आणि 40 असे दोन आकडे निघाले आणि दोन्ही खरे आहेत. सरासरी वरच्या पाच-सहा मोठ्या पगारांनी ओढली जाते, मध्यक तसा ओढला जात नाही. म्हणून अहवालात दोन्ही द्यावेत आणि सोयीचा तेवढाच निवडू नये.

तिसरा आकडा मला सर्वांत उपयोगाचा वाटतो. चाळीसही जणांना पगाराच्या उतरत्या क्रमाने लावा आणि दहा-दहांचे चार गट करा. सर्वांत वरच्या दहांत 9 पुरुष आणि 1 स्त्री येते, दुसऱ्या दहांतही 9 आणि 1, तिसऱ्या दहांत 6 पुरुष आणि 4 स्त्रिया, आणि सर्वांत खालच्या दहांत दहाच्या दहा स्त्रिया. संचालक मंडळासमोर टक्केवारी ठेवली की वाद सुरू होतात. हे चार गट ठेवले की क्षणभर कोणी बोलत नाही. ब्रिटनमध्ये 250 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांना 2017 पासून असे चार गट दरवर्षी जाहीर करावे लागतात. आपल्याकडे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने बाजारातील मोठ्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून जो शाश्वतता अहवाल बंधनकारक केला, त्यात पुरुष आणि स्त्री कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा मध्यक द्यावा लागतो. आपल्याच व्यवसायातील अशा एखाद्या कंपनीचा अहवाल उघडून तो आकडा पाहिला की आपण कोठे आहोत याचा अंदाज येतो.

संस्था लहान असेल तर एक सावधगिरी बाळगा. वरच्या उदाहरणातील एकमेव स्त्री पर्यवेक्षक नोकरी सोडून गेली तर स्त्रियांची सरासरी 18,667 वर येते आणि तफावत 27.3 वरून 32.1 टक्क्यांवर जाते, जरी इतर कोणाच्याही पगाराला हात लागलेला नाही. म्हणून एका वर्षाच्या चढउतारावरून निष्कर्ष काढू नये. तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवावेत.

तफावतीचे दोन भाग

आता असा हिशेब करा: प्रत्येक स्त्रीला तिच्याच पदावरील पुरुषाइतका पगार दिला असता तर स्त्रियांची सरासरी किती झाली असती? उदाहरणात ती 20,750 होते. म्हणजे 7,500 पैकी 750 रुपयांची दरी एकाच पदावरील असमान पगारामुळे आहे, आणि उरलेली 6,750 रुपयांची दरी स्त्रिया खालच्या पदांवर दाटलेल्या आहेत म्हणून आहे. एक भाग दहा टक्क्यांचा, दुसरा नव्वदचा.

येथे बहुतेक तपासण्या चुकतात. "पद, शिक्षण आणि अनुभव लक्षात घेतला तर फरक अगदी थोडा उरतो" असे वाक्य लिहून फाइल बंद केली जाते, जणू उरलेल्या नव्वद टक्क्यांचे स्पष्टीकरण मिळाले. प्रत्यक्षात ते स्पष्टीकरण नसून पुढचा प्रश्न आहे: दहा स्त्रिया मदतनीसच का राहिल्या? बढती देताना भेद झाला असेल तर "पद" हा घटक हिशेबात धरताच तो भेद अदृश्य होतो. म्हणून दोन्ही भाग वेगळे दाखवावेत, आणि दुसऱ्या भागाला "नैसर्गिक" किंवा "आवडीचा प्रश्न" असे नाव देऊ नये. दोन्ही भागांचे उपायही वेगळे आहेत. पहिला पगारपत्रकात दुरुस्त होतो. दुसरा नेमणूक, बढती आणि कामाच्या वेळा यांत दुरुस्त करावा लागतो.

कारण कोणत्या दारातून आले ते शोधणे

पहिले दार नेमणुकीचे. "रुजू होतानाचा पगार" हा रकाना एकाच पदासाठी, एकाच वर्षात घेतलेल्या स्त्री-पुरुषांमध्ये ताडून पाहा. तेथेच फरक दिसत असेल तर मुलाखतीत आधीच्या पगाराची स्लिप मागितली जाते का ते विचारा. आधीच्या पगारावर वीस-पंचवीस टक्के वाढ देण्याची रूढी दिसायला निःपक्षपाती आहे. परंतु आधीच्या नोकरीत कमी मिळत असलेल्या बाईला ती तोच कमीपणा पुढच्या नोकरीत बांधून देते. मॅसॅच्युसेट्स राज्याने 2016 साली नोकरी देण्यापूर्वी आधीचा पगार विचारण्यास मनाई करणारा कायदा याच कारणासाठी केला. आपल्याकडे अशी मनाई नसली तरी हा प्रश्न अर्जातून काढून टाकायला कोणाची परवानगी लागत नाही. जाहिरातीतच पगाराची श्रेणी छापली की घासाघीस करण्याच्या सवयीवर पगार ठरणेही कमी होते.

दुसरे दार पदांच्या किमतीचे. स्त्रियाच करतात अशी एक-दोन पदे आणि पुरुषच करतात अशी एक-दोन पदे निवडा आणि प्रत्येकाला कौशल्य, श्रम, जबाबदारी व परिस्थिती या चार कसोट्यांवर गुण द्या. गुण देणाऱ्या समितीत त्या दोन्ही कामांतील माणसे असावीत. माल उचलणाऱ्याचे श्रम सर्वांना दिसतात. दिवसभर मान खाली घालून बारीक सुटे भाग तपासणाऱ्या बाईचे डोळे आणि बोटे यांवरचा ताण "श्रम" या सदरात कोणी लिहीत नाही. रुग्णाशी बोलणे, रडणारे मूल सांभाळणे, चिडलेल्या ग्राहकाला शांत करणे ही कौशल्ये बायकांना उपजतच येतात असे गृहीत धरले जाते, म्हणून त्यांचे पैसे दिले जात नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1951 च्या शंभराव्या कराराची भाषा "समान मूल्याचे काम" अशी आहे, आणि भारताने तो करार 1958 मध्ये मान्य केला. आपल्या कायद्यातील "समान स्वरूपाचे काम" ही व्याख्या त्यापेक्षा अरुंद आहे. संस्थेने स्वतःहून रुंद व्याख्या वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरे दार बाळंतपणाचे, आणि येथे सर्वांत अधिक वेळ द्यावा. 2017 च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांची झाली, आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. रजेचा पगार मात्र पुष्कळ ठिकाणी मालकालाच द्यावा लागतो. ज्या व्यवस्थेत मुलाचा खर्च आईच्या मालकावर येतो, तेथे तरुण विवाहित स्त्रीला घेताना मालकाचे मन मागे-पुढे होणार, आणि तसे ते होते, मुलाखतीत "लग्न कधी?" हा प्रश्न अजूनही येतो तो याच हिशेबातून. तपासणीत असे करा: गेल्या सहा-सात वर्षांत प्रसूती रजा घेतलेल्या प्रत्येक स्त्रीसाठी रजेच्या आधीच्या दोन वर्षांची आणि नंतरच्या तीन वर्षांची पगारवाढ लिहा, आणि शेजारी तिच्याबरोबर रुजू झालेल्या पुरुषांची लिहा. रजेच्या वर्षी "मूल्यमापन झाले नाही" म्हणून वाढ शून्य धरली गेली असेल, तर ती उणीव चक्रवाढीने निवृत्तीपर्यंत जाते, भविष्यनिर्वाह निधीत आणि ग्रॅच्युइटीतही उतरते. त्यावर उपाय सोपा आहे: त्या वर्षी मागील वर्षाचेच मूल्यांकन लागू धरावे, असा लेखी नियम करावा.

चौथे दार वेळेचे. 2024 च्या राष्ट्रीय कालोपयोग सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी 289 मिनिटे खर्च करतात असे आढळले. जे पुरुष घरकाम करतात त्यांची 88 मिनिटे. ज्या बाईला संध्याकाळी सहानंतर जवळपास पाच तासांचे दुसरे काम वाट पाहत असते, ती ओव्हरटाइम, आयत्या वेळचा दौरा किंवा रात्री नऊची बैठक स्वीकारू शकत नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते श्रमबाजारातील स्त्रियांच्या अभ्यासासाठी, आणि त्यांनी दाखवून दिले की जे व्यवसाय लांबलचक व अवेळी तासांना प्रमाणाबाहेर मोबदला देतात, तेथे तफावत अधिक राहते. म्हणून तक्त्यात ओव्हरटाइम आणि इन्सेंटिव्ह काढून एकदा, आणि ते धरून एकदा, अशी तफावत दोनदा काढा. दोन आकड्यांत मोठे अंतर असेल तर ओव्हरटाइम कोणाला विचारला जातो ते पर्यवेक्षकाकडून तपासा. "बायका नाही म्हणतात" असे उत्तर आले तर पुढचा प्रश्न विचारा: शेवटचे कधी विचारले होते? रात्रपाळीच्या भत्त्याचेही तेच आहे. 1948 च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 या वेळेत मनाई केली होती. आता त्यांच्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळी देता येते. तेव्हा जुन्या बंदीचे कारण सांगून भत्ता एकाच बाजूला जाऊ देऊ नये, आणि घरापर्यंत वाहन न देता संमती मागूही नये.

बढतीचे दार वेगळे तपासायला फारसा वेळ लागत नाही: प्रत्येक पदावरून वरच्या पदावर जायला स्त्रियांना आणि पुरुषांना सरासरी किती वर्षे लागली, एवढे दोन आकडे पुरेसे बोलतात.

दुरुस्ती करताना

एकाच पदावरील असमान पगार त्याच आर्थिक वर्षात दुरुस्त करावा. कोणाचा पगार कमी करून समानता आणणे कायद्याने निषिद्ध आहे. खालचा पगार वरच्याच्या बरोबरीला न्यावा लागतो. उदाहरणातील कारखान्याला त्यासाठी दरमहा 12,000 रुपये लागतील: मदतनीसांचे 5,000, ऑपरेटरांचे 5,000 आणि पर्यवेक्षकाचे 2,000. एकूण 9,80,000 रुपयांच्या पगारपत्रकात ही रक्कम सव्वा टक्क्याच्या आसपास आहे. हा आकडा आधी काढून मगच संचालक मंडळाकडे जावे, कारण "परवडणार नाही" हा आक्षेप बहुतेक वेळा रक्कम न मोजता घेतला जातो.

पगारपत्रकच नसेल तेथे

शेतमजुरीत आणि हंगामी कामांत वरचा तक्ता चालत नाही, आणि महाराष्ट्रातील कष्टकरी स्त्रियांचा मोठा भाग तेथेच आहे. गावात बाईची हजेरी आणि गड्याची हजेरी असे दोन दर सर्रास बोलले जातात. तेथे कामाचे नाव, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, आणि मिळालेले पैसे अशी वही दोन हंगाम ठेवावी आणि ताशी दर काढावा. खुरपणी "हलके" आणि फवारणी "जड" हा भेद मजुरी ठरताना कसा वापरला जातो, हेही त्याच वहीत दिसते.

ऊसतोडीत तर बाईची मजुरी वेगळी अशी दिसतच नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादम पुरुषाच्या हाती देतो, आणि टनावर होणारा हिशेबही जोडीचा होतो. बाई पहाटेपासून फडात राबली, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून वाहनापर्यंत वाहिल्या, तरी कागदावर तिचे नाव नसते. खाडा पडला की कपात मात्र दोघांच्या मजुरीतून होते. येथे तफावत मोजण्याआधी नोंद करावी लागते. उचलीच्या कागदावर दोघांची नावे आणि दोघांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत, टनाचा हिशेब लिहिताना निम्मी मजुरी बाईच्या नावावर मांडावी, ती तिच्याच बँक खात्यात जमा करावी, आणि हंगाम उठताना दोघांना वेगवेगळी चिठ्ठी द्यावी.